हांगझोऊच्या कबड्डी फायनलमध्ये पंचांनी भारताला जिंकवून दिलं का?

तुमचा ऑफिसातला मित्र म्हणतो की २०२३ च्या एशियाडला इराणवर अन्याय झाला, पंचांनी भारताला गुण वाटले. आणि तुम्ही विचारताय, त्याला काय उत्तर द्यावं. आधी त्याला विचारा, लॉबी (मैदानाच्या दोन्ही कडांचा पट्टा) कधी मैदान असते आणि कधी नसते. नाही सांगता आलं तर चहा पाजा आणि विषय बदला. सांगता आलं तर पुढचं वाचून दाखवा.

सामना आठवत असेलच. ७ ऑक्टोबर, शनिवार दुपार. २८-२८, मिनिटभराहून थोडा जास्त वेळ बाकी. भारताच्या पवन सेहरावतची चढाई, दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, म्हणजे गुण आणला नाही तर घरी. तो कोणाला हात न लागताच लॉबीत गेला आणि त्याला धरायला इराणची पोरं त्याच्यामागे लॉबीत घुसली. लॉबी ही झटापट सुरू झाली की मगच मैदान. तोवर ती बाहेरची जागा. म्हणजे पवन बाद, इथवर कोणाचंच दुमत नव्हतं. भांडण त्यापुढचं. भारत म्हणत होता, स्पर्श नसताना लॉबीत आलेला प्रत्येक जण बाद, पुस्तकात तसंच आहे, चार गुण द्या. इराण म्हणत होता, चढाईवाला बाद झाला तिथेच चढाई मेली. मेलेल्या चढाईत आमची माणसं बाद कशी? प्रो कबड्डीत हा नियम इराण म्हणतो तसा बदलून बसला होता आणि दोन्ही संघांतली बरीच पोरं तीच लीग खेळून तिथे गेलेली. निर्णय एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवर बसून राहिले. तासभर खेळ बंद. शेवटी भारताला ३, इराणला १. ३१-२९. पुढे ३३-२९ आणि सुवर्ण.

आता मला हा प्रश्न का टोचला ते सांगतो. हाच प्रसंग, अगदी हाच, त्याआधी बारा वर्षं माझ्या शिट्टीखाली घडला होता. आणि तिथे इराणच्या जागी माझा सख्खा मेव्हणा होता.

मी रायगड जिल्ह्यात चौदा वर्षं पंचगिरी केली. मातीवर. २०११ च्या माघात पेण तालुक्यातल्या एका गावात जत्रेची रात्रीची स्पर्धा होती. उपांत्य सामन्याला एका बाजूला मेव्हण्याचा संघ. तो त्यांचा प्रशिक्षक. समोरच्या संघाने नाणेफेकीआधीच हरकत घेतली होती, पंच त्यांचा पाहुणा आहे म्हणून. आमचे सरपंच (कबड्डीतले मुख्य पंच, ग्रामपंचायतीतले नव्हे) जुने खोड. ते म्हणाले, या जिल्ह्यात पाहुणा नसलेला पंच हवा असेल तर नागपूरहून मागवा. विषय तिथे संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला, आणि ते चांगलं झालं नाही.

मातीचं मैदान ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. संध्याकाळी पाणी मारून माती बसवतात आणि फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, रेषा आखतात. पहिल्या सामन्याला रेषा दुधासारखी असते. रात्री साडेअकराला, पाचवा सामना चालू असताना, लॉबीची रेषा म्हणजे एक पांढुरका डाग उरतो. मध्यंतरात पोरगं डबा घेऊन येतं, दोन मुठी टाकतं आणि पळतं. अशा वेळी पंच रेषेपेक्षा तळवे जास्त बघतो. अनवाणी खेळ असतो. रेषेवर पडलेल्या पायाला फक्की लागते आणि ती खोटं बोलत नाही.

२२-२२. दीड मिनिट बाकी. समोरच्या संघाचा चढाईवाला उजव्या अंगाने आत आला. मेव्हण्याचे चार गडी मैदानात होते. कोपऱ्यावरच्या गड्याने हातात हात धरलेली साखळी घट्ट केली, चढाईवाल्याने पाय मागे घेतला आणि तोल जाऊन तो लॉबीत पडला. कोणाचाही हात लागला नव्हता. आणि साखळीतली तीन पोरं, आवेशातच, त्याच्या मागोमाग लॉबीत. मी शिट्टी मारली. चढाईवाला बाद. आणि तीन बोटं वर केली: हे तिघेही बाद.

पुढची पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. मेव्हणा थेट मैदानात. "भावजी, तो बाद झाला ना? मग संपली की चढाई! माझी तीन पोरं कशाला घरी पाठवता?" तीन हजार माणसांसमोर भावजी म्हणाला. एका बाजूने आरोळी उठली, बघा, पाहुणाच आहे. दुसऱ्या बाजूने उठली, पाहुणा असून गळा कापला. माईकवरचा समालोचक, ज्याला पाचशे रुपये गप्प बसायचे द्यायला हवे होते, तो म्हणतोय, "पंचांनी पुन्हा एकदा विचार करावा अशी क्रीडारसिकांची भावना आहे!" सरपंचांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुझी बाजू, तुझा निर्णय, पुस्तकात काय आहे? मी म्हटलं, पुस्तकात स्पर्श न होता लॉबीत जाणारा बाद, मग तो कोणीही असो. ते म्हणाले, मग उभा का राहिलास, खेळ सुरू कर.

२५-२३ झालं. मेव्हण्याचा संघ तीन गुणांनी हरला. मला मानधनाचे तीनशे रुपये आणि शाल-श्रीफळ मिळालं. तो नारळ घरी आठ दिवस देवापुढे पडून होता. बायकोने फोडला नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर दर गणपतीला, दर हळदीला, दर बारशाला मेव्हण्याने तो विषय काढला. त्याचं म्हणणं एकच आणि ते ऐकून ऐकून मला पाठ झालंय: चढाई मेल्यावर कोणी मरत नाही. वर एक शेपूट: "तुम्ही नियम नाही पाळलात भावजी, तुम्ही नात्याला घाबरलात."

आता हांगझोऊ. त्या शनिवारी माझ्या आईची अविधवा नवमी होती. मेव्हणा जेवायला आला होता. वाडी ठेवली, कावळ्याने बिचाऱ्याने पाच मिनिटांत घास घेतला. पण टीव्हीवरचे पंच काही घास घेईनात. वडे गार होत होते, खिरीवर साय धरली होती आणि मेव्हणा टीव्हीपुढे उभा राहून ओरडत होता. "चार होतात! चार! सगळे विनाहाताचे लॉबीत गेलेत, आंधळ्याला दिसेल!"

मी म्हटलं, "अरे पण पवन आधीच बाद झाला होता. चढाई संपली की."

"संपली म्हणून काय? हे मागनं आलेच ना? नियम म्हणजे नियम!"

माझी बायको पानं वाढत होती, ती वाढता वाढता थांबली. तिच्या लक्षात माझ्या आधी आलं. मी काहीच बोललो नाही, फक्त तीन बोटं वर केली. मेव्हणा माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती इंडिया आहे, भावजी." आणि पाटावर येऊन बसला.

तेव्हा तुमच्या मित्राला माझं उत्तर असं. ज्या सामन्याला जे पुस्तक टेबलावर असतं, ते चालतं. आशियाई स्पर्धा ही टीव्हीवरची लीग नव्हे. लीगमध्ये उद्या चढाईला चाळीस सेकंद केले तरी ते लीगपुरतं. भारताने जुन्या नियमावर बोट ठेवलं यात लबाडी काही नाही; इराणच्या जागी भारत असता तर आपल्या लोकांनी लीगचा नियम काढून दाखवला असता, हेही तितकंच खरं. प्रेक्षक म्हणतो त्याला न्याय हवा. प्रेक्षकाला त्याचा संघ हवा असतो. नियम तो नंतर शोधतो, माझा मेव्हणा शोधतो तसा.

आणि "कबड्डी भारताची, म्हणून पंच भारताचे" हे जे बोलतात ना, त्यांनी कधी शिट्टी तोंडात धरलेली नाही. भारत इतका लाडका असता तर २०१८ ला जकार्तात याच इराणने उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ असं घरी पाठवलं नसतं. १९९० पासून सलग सात सुवर्णं होती तेव्हा. घरचा पंच घरच्यांना गुण देत नाही. तो घरच्यांचे काढतो. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून त्याचा हात आपोआप तिकडे जातो. मेव्हण्याला मी हे कबूल करणार नाही, पण तुम्ही परके आहात म्हणून सांगतो.

चूक कोणाची म्हणाल तर सामन्याआधी ज्याने दोन्ही कर्णधारांना समोर बसवून "लॉबीला कोणता नियम" हे सांगितलं नाही त्याची. आमच्या गावच्या स्पर्धेतही नाणेफेकीला बोनस चालू की बंद, लॉबीचं कसं, हे तोंडाने सांगतात. तिथे जगभरचे कॅमेरे होते आणि एवढंसं वाक्य नव्हतं. तासभर खेळाडू मॅटवर बसले ते त्या एका वाक्यापायी.

खेळाडूंच्या मनात फार काही राहत नाही, हेही मित्राला सांगा. त्या दिवशी भारताकडे आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता आणि इराणकडे मोहम्मदरेझा शादलू. पाच महिने झाले नाहीत तोवर दोघं प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणच्या एकाच जर्सीत होते, अस्लम कर्णधार, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ ने हरवून चषक उचलत होते. भांडतोय कोण, तर तुमचा मित्र आणि माझा मेव्हणा.

हां, दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहितो.

एक म्हणजे, नियम म्हणून विचाराल तर इराणचं म्हणणं मला जास्त पटतं. चढाईवाला स्वतःच्या पायाने बाद झाल्यावर त्याच्यामागे धावणाऱ्या पोराला शिक्षा कशाची? धावणारा माणूस शिट्टीसरशी थांबतो का, वजन असतं त्याला. उद्या मला कोणी नियमसमितीवर घेतलं (घेणार नाहीत) तर मी जुना नियम काढून टाकीन. पण न पटणारा नियमही त्या दिवशी चालवायचा असतो, त्याचेच तीनशे रुपये मिळतात.

दुसरी गोष्ट. लॉबीच्या निर्णयात पंचाला एकाच वेळी दोन ठिकाणी बघायचं असतं: पाय रेषेबाहेर गेला का, आणि त्याआधी हात लागला का. दोन डोळे असले तरी नजर एकच असते. मी पायांकडे बघणारा पंच. हात लागला नव्हता हे मी ऐकून ठरवलं, कारण अंगाला अंग लागलं की मातीवर आवाज येतो आणि चढाईवाला लगेच दम लांबवतो. तसं काही झालं नव्हतं. त्याबद्दल मला अजूनही शंका नाही. टीव्हीवर तीन दिशांनी रीप्ले बघून बोलणाऱ्यांनी एकदा हॅलोजनच्या उजेडात, डोळ्यांत किडे जात असताना हे करून बघावं.

पण त्या तिघांचं. तीन बोटं वर केल्यावर मी नेहमीसारखे तळवे बघितले. पहिल्याच्या चवड्याला फक्कीचा आडवा पट्टा. दुसऱ्याच्या टाचेला. तिसरा सगळ्यांत लहान होता, अठरा-एकोणीसचा, साखळीच्या टोकाला. त्याने न सांगता पाय उचलून माझ्यासमोर धरला. "सर, माझा बघा." ओली माती होती, फक्की नव्हती. आता रेषा ओलांडून पाऊल थेट आत पडलं तर तळव्याला फक्की लागत नाही, हे कबड्डी खेळलेल्या कोणालाही माहीत आहे. तसं झालं असेल. तेवढ्यात मेव्हणा मैदानात आला, सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे गेले, आणि त्या पोराचा पाय तसाच वर होता. बोट खाली घ्यायचं तर तेव्हाच घ्यायला हवं होतं. घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, मेव्हणा आला म्हणून एक गुण कमी केला.

मी त्याला म्हटलं, "बैठकीत जा." तो गेला.

भारताने चार मागितले आणि मिळाले तीन, तेव्हा मला तोच पाय आठवला. मेव्हण्याला यातलं काही माहीत नाही. इथे लिहायला हरकत नाही, तो वाचत नाही. त्याला व्हिडिओ लागतात.