आधी घोड्याची पाठ बघा, मग जत्रा

दसऱ्यापासून येणाऱ्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतो आहे: घोड्यावर बसून जनावरांच्या जत्रेला जायचं आहे, कसं जमवावं? बहुतेक पत्रं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली. आपल्याकडे घोडा दिसतो तो अलिबाग-काशीदच्या पुळणीवर नाहीतर वरातीत, त्यामुळे ही ओढ मला कळते. पाच प्रश्न निवडले आहेत.

आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. घोड्यावर कधी बसलेलो नाही. पुष्करच्या मेळ्याला घोड्यावरून नेणारी आठ दिवसांची सहल आहे. झेपेल का? (दापोली)

वय आड येत नाही, सवय नसणं आड येतं. अशा सहलीत रोज साधारण पंचवीस-तीस किलोमीटर जायचं असतं, म्हणजे चार ते सहा तास खोगिरावर. पहिल्या दिवशी मजा वाटते, दुसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस खोगिरावर पोत्यासारखा बसतो. त्याचा त्रास तुमच्याआधी घोड्याला होतो, कारण सैल बसलेलं ओझं त्याच्या कण्यावर आदळत राहतं.

तीन महिने हातात ठेवा. पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या राइडिंग स्कूलमध्ये थोडे दिवस राहून धडे घ्या. आपणहून चढणं-उतरणं, थांबवणं, वळवणं आणि वीस मिनिटं दुडक्या चालीत (घोडा हलकेच धावतो तेव्हा) खोगिरावर उठबस करणं जमलं की मगच सहलीचे पैसे भरा. राजस्थानात तुम्हाला मारवाडी घोडा मिळेल, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारा. त्यातल्या बऱ्याच घोड्यांना रेवाल चाल असते. तीत हिसका कमी बसतो, पन्नाशीच्या कमरेला ती मानवते. घोडे ठरवताना "रेवाल चालीचा, शांत, वयाने पोक्त" असं स्पष्ट सांगा.

वजनाचंही सांगतो, लाजू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्यावर हा भार सत्तर-ऐंशी किलोंचा होतो, आणि त्यात खोगीरही आलं. वजन जास्त असेल तर मोठा घोडा मागा, नसेल तर उंटगाडीतून सोबत जा. त्यात कमीपणा नाही.

तारखांकडे नीट बघा. पुष्करचा मेळा कार्तिकी पौर्णिमेचा, पण जनावरांची खरेदी-विक्री त्याआधीच्या दिवसांत होते. पौर्णिमेला पोचाल तर तीर्थस्नानाची गर्दी मिळेल, बाजार मात्र बराचसा उठलेला असेल. कोकण रेल्वेवरून मरुसागर एक्सप्रेस थेट अजमेरला जाते, आठवड्यातून एकदा. पुष्कर तिथून अगदी जवळ आहे.

महाराष्ट्रातच, कमी खर्चात, घोड्यांचा असा बाजार बघायचा तर कुठे आणि कधी? (देवगड)

सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सुरू होते. मला सगळ्या जत्रांत हीच जवळची वाटते, कारण इथे घोडा अजून बाजाराचा आहे, देखाव्याचा झालेला नाही. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचा स्टेशनला उतरायचं, पुढे एसटी.

पहाटे जा. धुकं नदीवरून वर येत असतं, घोड्यांच्या तोंडाला तोबरे (दाण्याच्या पिशव्या) बांधलेले असतात, खराऱ्याचा (घोडा घासायच्या ब्रशचा) आवाज चालू असतो आणि मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, शेकोटीशी चहा घेत बसलेले असतात. दहानंतर ढोल वाजतात, घोडे नाचवले जातात आणि गर्दी त्यांच्याभोवती जमते. घोडा कळायचा तो पहाटेच. दोन दिवस नुसतं फिरा आणि शब्द कानावर पडू द्या: अंगावर मोठे ठिपके असतील तो अबलख, गुलाबी कातडीचा पांढरा तो नुकरा, चारही पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी. गळ्यावरच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो शुभ मानतात. भोवऱ्यावरून किंमत चढते-उतरते याबद्दल माझं मत वेगळं आहे. चालताना चारही खूर सारखे पडतात का, हे मी आधी बघतो. पण जुन्या घोडेवाल्यासमोर हा वाद घालू नका, ऐकून घ्या. रुमालाखाली बोटं धरून सौदा चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा आणि दोन पावलं मागे उभे राहा.

कोकणातून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डिसेंबरात तापीकाठची पहाट बोचरी असते आणि हवा कोरडी. आपल्याला घामाची सवय असते. तिथे घाम दिसत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं आणि दुपारी डोकं चढतं.

बाकीच्या यात्रा पंचांग धरून लक्षात ठेवा: दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार, मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा (इथे गाढवं आणि उंटही येतात), आणि राजस्थानात जायचं तर माघात नागौर, चैत्रात लुणी नदीच्या कोरड्या पात्रातला तिलवाड्याचा मेळा. निघण्याआधी त्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाला फोन करा. २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी रोगाच्या साथीमुळे पुष्करचा पशुमेळा भरलाच नव्हता.

कोकणात अशी जत्रा का नाही? निदान इतिहासात तरी होती का? (रेवदंडा)

प्रश्न रेवदंड्याहून आला याचा मला विशेष आनंद झाला. तुमच्या गावात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, १४७०च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला. त्या काळी दख्खनच्या सुलतानांना अरबस्तान-इराणकडचे घोडे हवे असत आणि ते आपल्या बंदरांतून घाटावर चढत. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून धमकावलं. एका खुरासानी माणसाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला. पुढे बिदरच्या बाजूला एका पिराच्या जत्रेबद्दल त्याने लिहिलं आहे: दहा दिवसांचा बाजार, विक्रीला वीस हजारांपर्यंत घोडे. परतीचं जहाज त्याने दाभोळहून धरलं. घोड्यासह जत्रांचा मुलूख पाहिलेल्या परदेशी प्रवाशाची इतकी जुनी, इतकी जिवंत हकीकत आपल्याच किनाऱ्यापासून सुरू होते.

म्हणजे घोडा कोकणात उतरला, पण थांबला नाही. चिखल, दमट हवा, जांभ्याचे कडे, भाताची खाचरं यांत तो रमत नाही. आपली शेती बैल-रेड्यांवर चालली. आंगणेवाडी आणि कुणकेश्वरच्या जत्रा मोठ्या, पण त्या देवाच्या आहेत, घोडेबाजाराच्या नाहीत.

सारंगखेड्याहून एक घोडी विकत घेऊन गुहागरला आणायची, पर्यटकांना पुळणीवर फिरवायचं, असा विचार आहे. कशी निवडावी? (गुहागर)

माझा सल्ला: आणू नका.

घाटावरचा घोडा ज्वारीच्या कडब्यावर वाढलेला असतो. आपल्याकडे मिळतो भाताचा पेंढा. त्यात पोषण कमी, सिलिका जास्त. कडबा घाटावरून आणायचा तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि बुरशीच्या वैरणीने पोटशूळ उठतो. पोटशुळाने घोडा काही तासांत जातो. चार महिने ओल्या जमिनीवर उभं राहून खुरं कुजतात. नाल साधारण दीड महिन्याने बदलावे लागतात. तुमच्या तालुक्यात नालबंद कोण आहे? घोड्यांचा हात असलेला पशुवैद्य रात्री किती वेळात पोचेल? या दोन प्रश्नांची उत्तरं नावासकट देता आली तरच पुढचं बोलू.

पुळणीचंही तसंच. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर घोडा बरा चालतो, वरच्या भुसभुशीत वाळूत दिवसभर फिरवला तर पायांच्या शिरा सुजतात. पर्यटक मात्र भरतीलाही येणार आणि भर उन्हातही येणार.

इतकं वाचूनही घ्यायचीच असेल, तर निदान दात बघायला शिका. पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात, त्याहून लहान घोडी कामाला लावू नये. ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली नसेल तर पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित जनावराला दयामरण द्यावं लागतं.

माझी अकरा वर्षांची मुलगी घोड्यांसाठी वेडी आहे. तिला जत्रेला न्यावं का? तिथे जनावरांचे हाल होतात असं ऐकते. (चिपळूण)

न्या. हाल होतात हे खरं आहे. ते दिसले तर काय करायचं हे तिला आधी सांगून न्या.

काही वर्षांपूर्वी एका सहलवाल्याने मला जत्रेच्या वाटेसाठी घोडी दिली. खोगीर आधीच चढवून उभी केली होती. मी घाईत होतो, तसाच बसलो. ती सारखी शेपूट झटकत होती, मी तिला हट्टी समजलो. दुपारी खोगीर उतरवलं तेव्हा खांद्यामागे तळहाताएवढी जखम होती. घोडेवाले याला पाठ लागली म्हणतात. तीन तास मी त्या जखमेवर बसलो होतो. सहलवाल्याचा दोष होताच, पण बघायचं काम माझं होतं. त्या दिवशी उरलेली वाट मी तिच्या शेजारून चालत काढली.

तेव्हापासून माझा नियम: खोगीर माझ्यासमोर चढवायचं. आधी पाठीवरून हात फिरवायचा, मग तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे, काखेखाली. घोडा अंग चोरतो का बघायचं. मग तोंडाचे कोपरे. काटेरी लगाम कायद्याने बंद आहे, तो दिसला तर बसायचं नाही आणि जत्रेतल्या पशुवैद्यकीय तंबूत कळवायचं. नाचवण्याच्या घोड्यावर पैसे उधळायचे नाहीत.

तुमच्या मुलीला नुसत्या टोपीवर नेऊ नका, पट्ट्याचं पक्कं हेल्मेट आणा. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे का बघा. पहिल्या दिवशी तिला बसवूच नका. एखाद्या चांगल्या मोतद्दाराला विचारून तिच्या हातात खरारा द्या. कडेने उभं राहायचं, मागे जायचं नाही, मानेपासून सुरुवात करायची. अर्ध्या तासाने घोडीने कान सैल सोडले आणि खालचा ओठ लोंबू दिला, तर समजा तिचं बरं चाललं आहे.