वाचक विचारतात : ओस्तियाचे अवशेष पाहताना

प्रश्न : जूनमध्ये रोमला जातोय. ओस्तिया हे जुनं रोमन बंदर अर्ध्या दिवसात होईल का? सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत.

उत्तर : होईल, पण सकाळीच निघा आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. मेट्रोच्या बी मार्गावर पिरामिदे स्थानकात उतरायचं, शेजारच्याच पोर्ता सान पाओलोहून लोकल धरायची. अर्ध्या तासात ‘ओस्तिया आंतिका’ येतं. ‘लिदो’ नावाची स्थानकं त्याच्या पुढची, समुद्रकिनाऱ्याची. तिथे उतरलात तर उलट यावं लागेल.

आतला मुख्य रस्ता, देकुमानुस, किलोमीटरहून जास्त लांब. काळ्या लाव्हा-दगडांची फरसबंदी झिजून उंचसखल झालीय. सांध्यांत चप्पल अडकते, पाय मुरगळतो. जाड तळव्याचे बंद बूटच हवेत. सावली कमी, म्हणून माणशी लिटरभर पाणी आणि टोपी.

बरेच जण सुरुवातीच्या प्रत्येक भिंतीपाशी रेंगाळतात आणि निम्म्यातच थकतात. दारापासूनची थडगी चालता चालता बघा. पहिला थांबा समुद्रदेव नेपच्यूनच्या स्नानगृहाचा : गच्चीवर चढलात तरच समुद्रघोड्यांचा रथ हाकणाऱ्या देवाचं काळं-पांढरं मोझेक नीट दिसतं. शेजारी नाट्यगृह. त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा चौक आहे, तिथे मात्र घाई नको. पुढे दियाना गल्लीत खानावळ : संगमरवरी ओटा, खाली भांडी धुवायचे हौद, भिंतीवर खाद्यपदार्थांचं चित्र. एवढ्यावर सासूबाईंना संग्रहालयाजवळच्या उपाहारगृहात बसवून तुम्ही फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, पाहून या.

प्रश्न : त्या चौकातल्या मोझेकमध्ये हत्ती आहे म्हणे. आपल्याकडचा व्यापार का?

उत्तर : नाही. खालची अक्षरं वाचा : तो साब्राथाच्या, म्हणजे आजच्या लिबियातल्या व्यापाऱ्यांचा गाळा. आपली मिरी, कापड वगैरे तांबड्या समुद्रातून इजिप्तला उतरायचं आणि मग अलेक्झांड्रियाहून इटलीला जायचं. बाकी गाळ्यांपुढे जहाजं, डॉल्फिन, दीपस्तंभ दिसतील. कोणत्या गावचे, कसला धंदा, हे दारातल्या फरशीवरच लिहिलेलं. पाटीच म्हणा ना.

प्रश्न : बंदर म्हणता, मग समुद्र कुठे?

उत्तर : तीनेक किलोमीटर लांब. तायबर नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकला, आणि १५५७च्या पुरात नदीनेही पात्र बदललं. त्यामुळे धक्का शोधत फिरू नका.