सफेद मुसळीचं बेणं अस्सल की मिसळलेलं? डीएनए चाचणी कधी करावी

प्रश्न : अर्धा एकर सफेद मुसळी लावली आहे. काही झाडं वेगळीच दिसतात. व्यापारी म्हणतो, डीएनए रिपोर्ट आणा. चाचणी करावी का?

उत्तर : पैसे घालण्याआधी संशय असलेली चार-पाच झाडं मुळासकट उपटून पाहा. अस्सल सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिवलीवरूनच हे नाव पडलं आहे. तिची मांसल मुळं थेट डिस्कला, म्हणजे झाडाच्या बुडाशी असलेल्या खोडाच्या चकतीला, झुबक्यानं लागतात. तिच्याच भावकीतल्या क्लोरोफायटम ट्यूबरोसमची मुळं मात्र आधी दोऱ्यासारखी बारीक असतात आणि गाठ टोकाला लोंबते. उभ्या पिकात एवढी खूण पुरते, प्रयोगशाळा लागत नाही.

मुळं सोलून वाळवली की ही खूण जाते. सोललेली शतावरीही मुसळी म्हणून खपवली जाते, आणि भुकटी झाल्यावर तर जाणकारही फसतो. डीएनएचा खरा उपयोग तिथे आहे. वनस्पतीच्या डीएनएतले ठरावीक तुकडे वाचून ते खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहतात. २००९ साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅट-के हे दोन तुकडे सुचवले. जवळच्या भाऊबंद जातींत ते कधीकधी कमी पडतात, म्हणून जोडीला आयटीएस-२ हा आणखी एक तुकडा वाचतात. तो आखूड असल्याने वाळलेल्या मालातूनही बऱ्याचदा मिळतो. माल उकळला किंवा फार तापवला असेल तर डीएनए तुटतो आणि निकाल लागत नाही.

रिपोर्ट हवाच असेल तर कोवळी, निरोगी पानं घ्या. प्रत्येक झाडाचं पान वेगळ्या कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे खडे) ठेवून लगेच वाळवा. पाकिटावर ओळ आणि तारीख लिहा. एका पानाचा रिपोर्ट त्या एकाच झाडापुरता असतो, अख्ख्या वावराचा नव्हे. व्यापाऱ्यालाही हे स्पष्ट सांगा. शिवाय रिपोर्टमधून फक्त जात कळते. मुसळीतलं औषधी द्रव्य सॅपोनिन किती आहे हे त्यातून कळत नाही, त्याची रासायनिक तपासणी वेगळी असते.

माझी खरी काळजी तुमच्या पुढच्या लागवडीची आहे. मुसळी बहुधा फिंगर, म्हणजे डिस्कचा तुकडा असलेली मांसल मुळं, लावून वाढवतात, त्यामुळे यंदाची भेसळ पुढच्या वर्षीच्या बेण्यातही जाईल. पानं पिवळी पडून गळाली की वेगळी झाडं ओळखता येणार नाहीत. म्हणून पानं हिरवी आहेत तोवरच त्यांच्याशेजारी काड्या रोवा, मुळं पाहून खात्री करा आणि अशी झाडं डिस्कसकट काढून टाका.