फॅक्सच्या यादीत नावं का दिसत नाहीत?

प्रश्न : ऑफिसात विंडोज 7 आहे. आउटलुकमध्ये व्यापाऱ्यांचे शेकडो पत्ते आहेत, पण ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’मध्ये यादी रिकामी. सगळं पुन्हा टाइप करायचं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुळीच नको! फॅक्सचा हा प्रोग्राम आउटलुकची यादी बघत नाही, तो ‘विंडोज कॉन्टॅक्ट्स’ हे वेगळं फोल्डर वाचतो. आउटलुकमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) काढा आणि तिथे इम्पोर्ट करा. रकाने जुळवायची खिडकी आली की घाई नको, आउटलुकचा ‘बिझनेस फॅक्स’ हा रकाना इथल्या फॅक्सच्या रकान्यालाच जोडलेला हवा. माझ्या भावाच्या दुकानात नंबर फोनच्या रकान्यात गेले होते आणि आम्ही तासभर मोडेम तपासत बसलो. ती फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, एसटीडी कोडचं सुरुवातीचं शून्य गळतं. आधी दोनच नावांवर करून बघा.