घरच्या मशीनवर बीपी दर वेळी वेगळा का येतो?

तुम्ही विचारलंय, आईचा बीपी सकाळी १५२/९० आला, पाच मिनिटांनी त्याच मशीनवर १३६/८४. मशीन बिघडलंय का, आणि यातला खरा कुठला?

दोन्ही खरे असू शकतात. सव्वीस वर्षं मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते, पहिलाच आकडा कागदावर टेकवायचा नाही हे तिथं लवकर कळलं. एक आजोबा एसटीतून उतरून, जिना चढून थेट माझ्यासमोर बसले. वरचा १७०. मी दुसऱ्यांदा कफ गुंडाळायला घेतला (छातीतला कफ नव्हे, दंडाचा), तर हळूच म्हणाले, "सिस्टर, आधी लघवीला जाऊन येऊ का?" आले, दहा मिनिटं बसले, मग १४८. गोळी नाही की इंजेक्शन नाही.

हृदयाचा डावा कप्पा आवळला की धमन्यांमध्ये दाब चढतो, तो वरचा आकडा. कप्पा सैल पडून पुन्हा भरतो तेव्हा दाब उतरतो, पण शून्यावर जात नाही. ठोक्यासरशी फुगलेली महाधमनी आक्रसत आक्रसत रक्त पुढे ढकलत असते. त्या उतरणीचा तळ म्हणजे खालचा आकडा. वयाबरोबर महाधमनी ताठर होते, म्हणून उतारवयात बऱ्याचदा नुसता वरचाच वाढतो. "खालचा ८० आहे, मग काय काळजी?" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. काळजी असते.

आम्ही स्टेथो लावून मोजायचो. कफची हवा सोडताना पहिला 'टक्' ऐकू आला की वरचा, आवाज विरला की खालचा. ही रीत १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जननं सांगितली. तुमचं घरचं मशीन सहसा आवाज ऐकत नाही. धमनीच्या धडधडीनं कफमध्ये जी थरथर उठते तिच्यावरून ते हिशोब मांडतं. त्यामुळे हात हलला, बोलणं चाललं की त्याचा हिशोब चुकतो.

आता आईंना ओट्यापासून उठवून लगेच मोजू नका. आधी अर्धा तास चहा नाही आणि मिश्रीही नाही (मिश्री म्हणजे तंबाखूच, हे बायका मोजतच नाहीत). पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसू द्या. हात टेबलावर, कफ छातीच्या मध्याच्या पातळीत. हात मांडीवर लोंबत असेल तर आकडा वाढतो. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की दंडच आवळला जातो, त्यापेक्षा सैल बाहीचा गाऊन बरा. दंड जाड आणि कफ लहान असेल तरीही बीपी उगाच जास्त दिसतो. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. असं सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेला धरतात. दवाखान्यात ही रेघ १४०/९० ला असते, कारण डॉक्टरांसमोर पुष्कळांचा चढतोच. याच्या उलटही असतं बरं का, दवाखान्यात छान आणि घरी जास्त. ते जास्त फसवं.

आणि एकदा स्वतःच्या बोटांनी नाडी बघा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, पूर्ण मिनिटभर. ठोके काही ताल नसल्यासारखे मागेपुढे पडत असतील तर ईसीजी काढून घ्या. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) असेल तर हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, शिवाय अशा नाडीवर मशीनचे आकडेही भरवशाचे राहत नाहीत.

१८०/१२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. यातलं काहीच नसेल तर शांत बसवून पुन्हा मोजा, तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गोळी मनानं वाढवू नका, आकडा चांगला आला म्हणून बंदही करू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर मशीनही पिशवीत टाका. त्यांच्या मशीनशी ताडून बघितलं की बिघाडाची शंका तिथंच मिटेल.