ख्रिस्ती श्रद्धेचा विद्यार्थ्यांच्या निर्णयांवर आणि स्वभावावर खरंच काही परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीनंतर मुंबईतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात जायचं म्हणते, तुमचं घर हिंदू आहे, आणि तिथल्या श्रद्धेमुळे मुलं खरोखर वेगळी घडतात की लोक नुसतं शिस्तीचं आणि इंग्रजीचं कौतुक करतात, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. मी मराठी ख्रिस्ती, घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. मुंबईत ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं काम बरीच वर्षं बघते. तेव्हा हे उत्तर आतल्या माणसाचं आहे, ते धरूनच वाचा.

परिणाम होतो, पण लोक शोधतात तिथे तो सापडत नाही. दारू नको, सिगारेट नको, रात्री उशीर नको, ही यादी आमच्या घरात जशी असते तशी तुमच्याही घरात असणार. मुलं ती पाठ करतात आणि अकरावीत गेली की सोयीने विसरतात. खोलवर काम करतो तो एकच विश्वास: माझी किंमत आधीच ठरलेली आहे, ती मला मिळवून दाखवायची नाही. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला असं म्हटलंय. पुढे सगळं शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, कृपेवर उभं आहे. देव माणसाला जवळ करतो तो त्याची कर्तबगारी बघून नव्हे. वाचायला हे प्रवचन वाटेल, पण सतरा वर्षांच्या पोराला निकालाच्या दिवशी त्याचीच गरज पडते.

मुंबईतला निकालाचा दिवस तुम्हाला सांगायला नको. शेजारी, मावशी, क्लासचे सर, सगळ्यांना टक्केच ऐकायचे असतात. आमच्या संघातली एक मुलगी बारावीला नापास झाली तेव्हा रविवारी उपासनेनंतर प्रार्थनाविनंत्या घेताना तिने सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगितलं. आई शेजारी बसली होती, तिचेही डोळे भरलेले. मुलगी हुशार नव्हती किंवा तिला लाज वाटली नाही, असं मुळीच नाही. हे सांगितल्यावरही ही माणसं मला टाकणार नाहीत, याची तिला खात्री होती. ती खात्री असली की मुलं खोटी गुणपत्रिका दाखवत नाहीत, घरातून पळून जात नाहीत, जीव देण्यापर्यंत जात नाहीत, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण ज्यांच्यात ती रुजलेली आहे ती मुलं लवकर तोंड उघडतात, एवढं मी पाहिलंय.

कॉपी न करण्याचंही मूळ त्याच विश्वासात आहे. जर्नल दुसऱ्याचं उतरवायचं, हजेरीला प्रॉक्सी मारायची, प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून विकत आणायचा, हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चुकतंय असंही मुलांना वाटत नाही. येशूचा प्रेषित पौल याने कलस्सै शहरातल्या मंडळीला लिहिलं की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ही ओळ त्याने गुलामांना उद्देशून लिहिली आहे, हे फार थोडे जण लक्षात घेतात. ज्याच्या कामाची समाजात काडीची किंमत नव्हती, त्याला सांगितलं की तुझं काम वर पोचतं. हे पटलेल्या एका मुलाने मला अर्धवट जर्नल तसंच आणून दिलं, गुण गेले तरी चालतील म्हणाला, आणि गुण गेलेही. त्याच्याच बाकावरच्या, त्याच मंडळीतल्या मुलाने मात्र पूर्ण जर्नल उतरवून दिलं. बाप्तिस्मा झाला म्हणून स्वभाव बदलत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र फॉर्म भरताना येतो, आणि तो बाहेरच्यांना फारसा दिसत नाही. नगर, जालना या भागांत जी कुटुंबं ख्रिस्ती झाली त्यांतली पुष्कळशी मूळची महार आणि मांग समाजातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. त्यामुळे कित्येक घरांत रविवारी सगळे उपासनेला, आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनी जात आणि जुना धर्म. फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळं त्या एका रकान्यावर अवलंबून असतं. इथे अठरा वर्षांची मुलगी पेन हातात घेऊन बसते आणि तिला ठरवायचं असतं की दर रविवारी मी जे गाते ते या कागदावर नाकारायचं का.

ज्यांनी जुना दाखला जपला त्यांच्याकडे मी बोट दाखवणार नाही. चर्चमध्ये आल्याने गावातला जातीचा जाच थांबत नाही, आणि धर्म बदलला म्हणून गरिबीही जात नाही. गरीब मुलीवर अशी निवड लादणारा कायदा मला अन्यायाचा वाटतो, आणि हे मी कुठेही बोलेन. तरीही ज्यांनी ‘ख्रिस्ती’ लिहिलं, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या आणि फीचे हप्ते फेडले, त्या मुलांत मला वेगळाच कणखरपणा दिसलाय. एकीची फी मंडळीने दशांशातून, म्हणजे लोक उत्पन्नाचा दहावा भाग देतात त्यातून, भरली. आज ती नोकरीला आहे आणि न सांगता दुसऱ्या मुलीचे पैसे भरते. आणि याच मंडळीत लग्न जुळवताना अजूनही हळूच मूळ जात विचारली जाते, याचं मला फार दुःख होतं. तिथे ते देवाचं प्रतिरूप कुठे जातं, हा प्रश्न आमची मुलं आता थेट पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारतात आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे.

करिअर निवडताना काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्राला माहीत असलेलं देते. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. दोघांना कुठेही चांगला जम बसवता आला असता, पण १९७० साली त्यांनी दुष्काळी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या बायकांना, त्यांत निरक्षर आणि दलित बायकाही होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलांना मी पुरस्कारापेक्षा त्या बायकांबद्दल जास्त सांगते. जिला गावाने विहिरीपासून लांब ठेवलं ती उद्या गावाची बाळंतपणं करू शकते, हे डॉक्टरला मुळात सुचावं कसं? माणसाकडे बघायची नजर आधीच तशी घडलेली असावी लागते.

एक इशारा मात्र देते. भीतीवर वाढवलेली ख्रिस्ती मुलंही मी पाहते. ‘देव बघतोय’ एवढंच ज्यांच्या कानांवर आदळलं, ती लपवण्यात तरबेज होतात. आईवडिलांसमोर एक, कॉलेजात दुसरी. रविवारी क्लासची टेस्ट असली तर उपासना बुडवायची की टेस्ट, यावरून काही घरांत महाभारत होतं, आणि पोराला काय वाटतं हे कुणी विचारतच नाही. अशा घरातून श्रद्धा बाहेर पडते ती कायमची.

आता तुमच्या मुलीविषयी. धर्मांतराची शंका तुम्ही स्पष्ट विचारली नाहीत, पण प्रश्नामागे ती असेल तर त्यात गैर काही नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईतच शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू केली. गोदूबाई नावाची बालविधवा तिथे शिकली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. ती हिंदूच राहिली आणि कर्व्यांच्या कामाला तिने आयुष्यभर हात दिला. त्याच १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून बऱ्याच पालकांनी सदनातून मुली काढून घेतल्या, हेही खरं आहे.

आज तुमच्या हातात संविधानाचं कलम २८ आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशाच्या वेळी हे मोकळेपणाने विचारा. चांगलं कॉलेज न चिडता उत्तर देईल. त्याच फेरीत थोडा वेळ आवारात थांबा आणि तिथली मुलं शिपायाशी, कँटीनमधल्या पोऱ्याशी कशी बोलतात ते ऐका. नापास झालेल्या मुलाला तिथले शिक्षक काय म्हणतात, हे एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा. माहितीपत्रकात यातलं काही छापलेलं नसतं, आणि कॉलेज निवडताना मी स्वतः तरी आधी हेच बघेन.