अंतरा इंजेक्शन तीन वर्षं घेतल्यावर हाडं ठिसूळ होतात का?

घनता थोडी कमी होते, पण हाडं लगेच ठिसूळ होत नाहीत. दर तीन महिन्यांच्या या १५० मिग्रॅ गर्भनिरोधक इंजेक्शनमुळे बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक घटतं आणि हाडांची झीज भरून येईनाशी होते. घट मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत होते. बंद केल्यावर बरीचशी भरून येते. मणक्यात लवकर, खुब्यात सावकाश. माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्यामुळे प्रौढ बाईला ही भीती फारशी नाही. तांबीचा तर हाडांशी संबंधच नाही.

दोन वर्षं झाली की डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवायचं असतं, तेव्हा ते आता करा. वय अठराच्या आत किंवा पाळी जायला आलेली, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, किरकोळ पडण्यातही हाड मोडलेलं, असं असेल तर नक्कीच. थांबायचं ठरलं तर इंजेक्शनची मुदत संपायच्या आत दुसरं साधन सुरू करा. पाळी उशिरा येते म्हणून निर्धास्त राहू नका, दिवस त्याआधीही जाऊ शकतात.

कॅल्शियम रोज १००० मिग्रॅ हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिळतं, म्हणजे नुसत्या भाकरीवर भागत नाही; दूध-दही, काट्यासकट खाल्लेली मांदेली जोडीला घ्या. मिश्री लावत असाल तर आजच सोडा, तंबाखूनेही हाडं झिजतात.